झाडलेली पडवी

केंद्रे भाऊसाहेबांनी पायरीखाली चपला काढल्या आणि मला कळलं, आत काहीतरी बिघडलंय.

वादळाला बारा दिवस झाले होते. हे आमचे तलाठी, बारा दिवस ते पडझड लिहून घेत गावभर हिंडत होते. सगळीकडे कौलांचे तुकडे, खिळे, फुटक्या काचा. लोकांच्या देवघरापर्यंत ते चपला घालून जात होते, आणि जाऊ नका असं कोणी म्हणतही नव्हतं. आमच्या खानावळीच्या पायरीशी मात्र ते आपोआप थांबले, वाकले, आणि तुटलेल्या अंगठ्याची ती चप्पल काढून नीट बाजूला ठेवली. मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं.

पडवी लख्ख होती. जमीन ताजी सारवलेली, शेणाचा वास अजून येत होता. चारही टेबलं धुऊन पुसून भिंतीला लावलेली. पातेली, परातीपासून पळ्यांपर्यंत सगळी भांडी घासून फळीवर उपडी घातलेली. वर पत्रे उडून गेले होते तिथे हिरव्यागार झावळ्यांची झापं, एकात एक विणून अशी घट्ट बसवलेली की खाली गारवा पसरला होता. आणि पायरीपुढे रांगोळी. आठ पाकळ्यांचं कमळ, मध्ये हळदकुंकू.

दारात माझी धाकटी जाऊ रंजना उभी. हातात पाण्याचा तांब्या.

"या भाऊसाहेब," ती म्हणाली. "पाय धुवायला पाणी घ्या. उन्हातनं आलात."

भाऊसाहेबांनी पाय धुतले. खांद्याला रुमाल होता त्याने पुसले. मग पडवीत आले, वर बघितलं, खाली बघितलं, आणि माझ्याकडे वळून अगदी दमलेल्या आवाजात म्हणाले, "मावशी, नुकसान कुठंय?"

देवा रे! काय सांगायचं मी त्या माणसाला?

मी तीन दिवस तालुक्याला होते. आमच्या गावात, सायनवेळेत, पंचनामे सुरू झाले तेव्हा यादीत फक्त घरं होती. मग कळलं की छोट्या धंद्यांनाही मदत मिळणार आहे. टपऱ्या, शिलाईवाल्या, गिरणी, खानावळी. पण त्याचा अर्ज वेगळा आणि तो तालुक्यालाच द्यायचा. रस्त्यावर झाडं पडलेली, एसटी बंद, टॉवर आडवा झालेला त्यामुळे फोनही नाहीत. आमचे हे मुंबईला नोकरीला. ते जिवंत आहेत एवढं मला कळलं होतं आणि आम्ही जिवंत आहोत एवढं त्यांना. मी सात मैल चालत गेले. मावसबहिणीकडे दोन रात्री पडले आणि दिवसभर त्या कचेरीच्या व्हरांड्यात उभी राहिले. खानावळीचा परवाना, त्याची झेरॉक्स, तिच्यावर सही, सहीवर शिक्का. शिक्का मारणारा जेवायला गेला की तासभर नाही. तिसऱ्या दिवशी अर्ज आत गेला. केंद्रे भाऊसाहेब तिथेच भेटले. "चला, आजच उरकून टाकू," म्हणाले, आणि मला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आले. वाटेत दोनदा उतरून आम्ही दोघांनी गाडी ओंडक्यावरून उचलून नेली.

निघताना मी रंजनाला एवढंच म्हटलं होतं, "साहेबांना घेऊनच येते."

मी गेले तेव्हा सगळं पडलेलं होतं, जसं वादळाने टाकलं तसं. पत्रे चुरगळून विहिरीपाशी, फ्रीजर आडवा, माडाचा शेंडा थेट चुलीवर. ते मी डोळ्यांत साठवून तालुक्याला गेले होते. कचेरीत प्रत्येकाला तेच सांगत होते. "येऊन बघा, काही उरलं नाही हो आमचं." आणि आता हे!

"मावशी," भाऊसाहेब पुन्हा म्हणाले, "फोटो कशाचा काढू मी? ह्या कमळाचा?"

ते चेष्टा करत नव्हते. त्यांच्या अंगात चेष्टा करायचं त्राणच नव्हतं. लातूरकडचा माणूस, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इथे नोकरी लागल्यावर. बारा दिवसांत त्यांचा चेहरा करपून गेला होता.

"तसं नाही भाऊसाहेब," मी म्हटलं. "पत्रे गेले. सगळे गेले. हा फ्रीजर पाण्यात होता..."

फ्रीजरवर धुतलेला पांढरा रुमाल घातलेला होता आणि त्याच्यावर तांब्यात जास्वंदीची फुलं.

"मला ठाऊक आहे हो. मी काय आंधळा आहे का? सगळं गाव बघतोय ना. पण ह्या मोबाइलमधनं फोटो जातो, वर बसून माणूस तो बघतो. त्याला छप्पर दिसलं, टेबलं दिसली, की तो नाव उडवतो. मागच्या आठवड्यात वरच्या आळीतली दोन नावं अशीच उडाली. एकानं दुकान आवरून ठेवलं होतं."

माझं डोकं सणकलं. तीन दिवसांचं ऊन, ती रांग, तो शिक्का, पायांना आलेले फोड, सगळं एकदम डोक्यात गेलं. मी रंजनाकडे वळले.

"कोणाला विचारून हात लावलास गो?"

"वैनी, मी म्हटलं..."

"काय म्हटलंस? कोणाला विचारलंस? तुझ्या बापाचं घर आहे का हे? बारा दिवस पडलं होतं ते आणखी एक दिवस पडलं असतं तर काय तुझे हात झडले असते? घर आपलं असलं तर माणसाला कळतं. तुला काय! तू जाशील उद्या भावाकडे, मी इथे बसते शंख करीत!"

भाऊसाहेब अंगणाकडे बघू लागले. रंजनाने तांब्या खाली ठेवला. तिच्या बोटांना झावळ्यांनी कापल्याच्या रेघा होत्या, दोन बोटांना चिंधी बांधलेली. ती मी तेव्हा पाहिली. पण जीभ एकदा सुटली की सुटली.



रंजना माझ्या धाकट्या दिराची, वसंताची बायको. वसंत जाऊन आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. माहेरी भाऊ होता, बोरिवलीला. त्याच्या घरात तिला जागा नव्हती, पण कोणा म्हाताऱ्या बाईंकडे राहून त्यांचं सगळं करायचं असं एक काम त्याने बघून ठेवलं होतं आणि वर्षातून दोनदा आठवण करून द्यायचा. ती जात नव्हती, कारण खानावळ होती. ती खानावळ आम्हा दोघींची. परवाना माझ्या नावावर, पण हातची चव तिची. आमचा धंदा दिवाळीपासून मेपर्यंत. दिवाळीच्या आत छप्पर आणि फ्रीजर उभे राहिले नाहीत तर हंगाम गेला. हंगाम गेला की खानावळ संपली, आणि रंजना बोरिवलीला. हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. म्हणून तर मी तालुक्याला धावले होते.

भाऊसाहेबांनी घड्याळात बघितलं. मग पायरीवर जाऊन चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "वरच्या आळीत माझी सहा घरं राहिलीत. दोन तास लागतील. आधी तिकडं जातो. इथं मी अजून आलोच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय मावशी! जसं होतं तसं ठेवा. खोटं काही करू नका. फक्त जसं होतं तसं." आणि गेले.

मी पदर खोचला. रंजना अजून दारातच उभी होती.

"चल," मी म्हटलं. "उभी काय राहिलीस?"

तिने आधी स्टूल आणलं आणि वर चढली. पहिलं झाप तिनेच सोडलं. काथ्याच्या गाठी नीट एकेक करून सोडत होती, कापत नव्हती.

"विळी घे गो, काप! दोन तास आहेत."

"काथ्या पुन्हा लागेल," ती म्हणाली.

झापं खाली आली तसं ऊन आत आलं. सारवलेली जमीन उन्हात अशी उघडी पडली की मला बघवेना. पण बोलायला तोंड कुठे होतं? शेजारच्या दोन बायकांनी झापं विणायला मदत केली होती. त्या कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या, काय चाललंय ते बघून काही न विचारता निघून गेल्या.

मग पत्रे. रंजनाने ते मागच्या बाजूला रचून ठेवले होते, एकावर एक, वर दगड. मी एक ओढत आणला आणि पडवीत टाकला.

"हा इथे नव्हता," ती म्हणाली.

"कुठेही असू दे गो."

"हा विहिरीपाशी होता. चुलीवर होता तो कोपरा फाटलेला."

तिने तो माझ्या हातातून घेतला आणि विहिरीकडे नेला. परत आली ती फाटक्या कोपऱ्याचा पत्रा घेऊन, आणि तो चुलीवर अशा कोनात ठेवला की मला वादळानंतरची ती सकाळ जशीच्या तशी आठवली. वादळ आलं तेव्हा मी आतल्या घरात खाटेखाली होते. ती पडवीत होती. फ्रीजर सरकू नये म्हणून त्याला पाठ लावून बसली होती, पहिला पत्रा उडेपर्यंत. कुठली वस्तू कुठे जाऊन पडली ते सगळं तिने पाहिलं होतं.

कुंपणापाशी आणखी एक पत्रा वाकून पडला होता. मी तो उचलायला गेले.

"तो आपला नाही," रंजना म्हणाली. "दामल्यांच्या गोठ्याचा आहे."

"असू दे की! एक जास्त दिसला तर काय बिघडलं?"

"भाऊसाहेब म्हणाले, खोटं करू नका."

मी पत्रा सोडून दिला. रागच आला मला तिचा. एवढं बोलल्यावर रडायचं, भांडायचं, काही तरी करायचं. ही मात्र पत्र्यांचे कोन सांगत बसली होती.

फ्रीजर आम्ही दोघींनी मिळून आडवा केला. त्यातला गाळ तिने तीन दिवस पुसला होता, कापूस लावून कडा सुकवल्या होत्या. त्याच्यावरची जास्वंदीची फुलं तिने आधी काढून तुळशीपाशी ठेवली. टेबलं उलटी केली. तुटलेल्या पायाला तिने कामटी बांधून घेतली होती, ती सोडली. मग भांडी राहिली.

भांडी ती जमिनीवर मांडत गेली. पातेलं पालथं, परात खांबापाशी, पळ्या विखुरलेल्या. लखलखत होती मेली. उन्हात डोळ्यांवर येत होती.

"ही अशी चालायची नाहीत," मी म्हटलं.

ती अंगणाच्या खालच्या कडेला गेली. तिथे पन्हळीखाली अजून चिखल होता. ओंजळभर चिखल घेऊन आली, खाली बसली, आणि परातीला चोपडू लागली. एक हात, मग दुसरा. घासताना जशी गोल फिरवायची तशीच फिरवत होती. मग पातेलं. मग झाकण्या.

तेव्हा मला रडू आलं. वादळात आलं नव्हतं, तालुक्याला आलं नव्हतं. मी खांबाला धरून हमसून हमसून रडले. रंजनाने मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "वैनी, वेळ होतोय."

भाऊसाहेब आले तेव्हा चपला घालूनच आत आले. पत्र्यावर पाय पडून आवाज झाला. त्यांनी मोबाइल काढला, एका कोपऱ्यातून, दुसऱ्या कोपऱ्यातून फोटो घेतले. मग पायरीखाली उतरून समोरचा फोटो घ्यायला गेले आणि थांबले.

"मावशी, ही राहिलीय."

रांगोळी. सगळं मोडलं, पण तिला कोणीच हात लावला नव्हता. दोन तास आम्ही दोघी तिला वळसा घालूनच ये-जा करत होतो. भाऊसाहेबही वळसा घालूनच गेले होते.

मी पाय पुढे केला, पण टाकवेना. भाऊसाहेबांनी मोबाइल खाली केला. रंजना पुढे आली, वाकली, आणि तळहाताने एकेक पाकळी पुसली. मधलं हळदकुंकू चिमटीत घेऊन तिने वृंदावनात टाकलं.

"एक विचारू का ताई?" भाऊसाहेब तिला म्हणाले. "एवढं सगळं आवरलंत कशाला तुम्ही? कोणीच आवरत नाही हो पंचनाम्याआधी."

रंजनाने हात झटकले.

"साहेब येणार म्हटलं की पडवीत केर दिसता कामा नये ना," ती म्हणाली.

हे शब्द माझे होते.

वादळाच्या दोन वर्षं आधी खानावळीच्या परवान्यासाठी तपासणीचा साहेब येणार होता तेव्हा मी तिला बसवून सांगितलं होतं. अगदी ह्याच शब्दांत. साहेब येणार म्हटलं की पडवीत केर दिसता कामा नये. भांडी चकचकीत पाहिजेत. दारात रांगोळी पाहिजे. तेव्हा ती म्हणाली होती, "मी काढू? मी?" कारण वसंत गेल्यापासून सासूबाईंनी तिला रांगोळीला हात लावू दिला नव्हता. मीच म्हटलं होतं, "काढ गो. आपल्याच घरासमोर काढायला कोणाला विचारायचं?" साहेबाने रांगोळी बघून परवाना दिला असं आम्ही पुढे हसून सगळ्यांना सांगत होतो.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. भाऊसाहेबांनी समोरचा फोटो काढला, वहीत लिहिलं, माझी सही घेतली. पंच म्हणून दुसरी सही हवी होती तर मी म्हटलं, हिची घ्या. "घरच्या माणसाची चालत नाही," ते म्हणाले, आणि दामल्यांना हाक मारायला गेले.

ऐन पावसाळा आम्ही तिच्याच झापांखाली काढला. मदत आली ती गणपतीनंतर. मागितली होती तेवढी नाही. पत्रे झाले, फ्रीजरची मोटर झाली, टेबलांना मी माझ्या पाटल्या मोडल्या. दिवाळीच्या पाडव्याला पहिली पंगत बसली. पुण्याचे पाहुणे, अकरा माणसं. रंजनाच्या सोलकढीची वाटी तिसऱ्यांदा मागितली त्यांनी. तिच्या भावाचा फोन आला तर तिने सांगितलं, "आता नाही यायला जमायचं." मी आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. वाचलो म्हटलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी तिला जवळ बसवलं. "रंजना, त्या दिवशी मी बोलले ते..."

"कधी?" ती म्हणाली. "काय हो वैनी, किती दिवस झाले त्याला. दमला होतात तुम्ही." आणि भांडी घासायला उठली. मनात ठेवणारी नाहीच ती. आजपर्यंत त्यावरून एक वाकडा शब्द तिच्या तोंडून आलेला नाही.

फक्त एक. पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आले तर ती पडवीत उभी होती, हातात केरसुणी. आजूबाजूला आम्हीच टाकलेले पत्रे, चिखल.

"वैनी, झाडू का?" तिने विचारलं.

मला वाटलं, भाऊसाहेब पुन्हा येतील की काय म्हणून विचारते. म्हटलं, "झाड आता. झालं काम."

तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. चौथ्या दिवशीही. मला वाटलं, टोमणा मारते. मग कळलं, टोमणा नाही. ती खरंच विचारत होती. झाडू का, सारवू का, रांगोळी काढू का. मी हो म्हणेपर्यंत केरसुणी जमिनीला टेकवायची नाही. एकदा मी मुद्दाम पहाटे तिच्या आधी उठून सगळं झाडून ठेवलं. ती आली, बघितलं, आणि आत जाऊन कपाळाला हात लावून बसली, आपलं काही चुकलं म्हणून. पुन्हा मी तसं केलं नाही.

सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी आणि हे तालुक्याला गेलो. खानावळीचा परवाना तिच्या नावावर केला, आणि घराच्या सातबाऱ्यावर वसंताच्या जागी तिचं नाव लावून घेतलं. ते वसंत गेला तेव्हाच लावायला हवं होतं. राहून गेलं होतं, कोणी बोललं नव्हतं. पुन्हा तोच व्हरांडा, तोच शिक्का. कागद आणून मी तिच्या हातात दिले. तिने ते दोनदा वाचले, डोळे पुसले, माझ्या पाया पडली, आणि कागद ट्रंकेत घालून कुलूप लावलं. त्या रात्री मला बरी झोप लागली.

सकाळी बाहेर आले. ऊन नुकतं पडवीत येत होतं. रंजना खांबापाशी उभी होती, पदर खोचलेला, हातात केरसुणी.

"वैनी," ती म्हणाली, "झाडू का?"